परिचारिकांची कौन्सिल आहे, युनियन आहे. व्यावसायिक संघटना कुठे आहे?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

१२ मेच्या परिचारिका दिनानंतर आपल्या दैनिकाच्या लातूर पानावर चार-पाच कार्यक्रमांची छायाचित्रे आली होती. प्रत्येक छायाचित्रात फ्लोरेन्स नाइटिंगेल यांची हार घातलेली तसबीर होती, मेणबत्त्या धरून उभ्या असलेल्या विद्यार्थिनी होत्या आणि मध्यभागी पाहुणे होते. हे पाहुणे एकतर डॉक्टर होते, नाहीतर लोकप्रतिनिधी. बातम्यांमध्ये त्यांची भाषणे सविस्तर आली. परिचारिका काय म्हणाल्या, हे मात्र एकाही बातमीत सापडले नाही. याचा दोष मी वार्ताहरांना देत नाही. त्या व्यासपीठांवर परिचारिकांच्या वतीने, परिचर्येविषयी बोलणारे कोणी बसलेलेच नव्हते, मग वार्ताहराने लिहावे तरी काय? मी सदतीस वर्षे मराठवाड्यातील सरकारी रुग्णालयांत काम केले, त्यांतली शेवटची नऊ वर्षे परिसेविका (वॉर्डाची प्रमुख सिस्टर) म्हणून, आणि २०२१ मध्ये निवृत्त झाले. इतक्या वर्षांत जी उणीव मला सतत जाणवली, तिच्याविषयी हे पत्र आहे. ते लांबले आहे, याची मला कल्पना आहे.

आपल्याकडे ‘परिचारिकांची संघटना’ म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे संप उभा राहतो. मे २०२२ च्या अखेरीस बाह्यस्रोतातून होणाऱ्या भरतीच्या विरोधात राज्यभरातील सरकारी परिचारिका संपावर गेल्या, मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी झालेल्या राज्य कर्मचाऱ्यांच्या संपातही त्या होत्या, आणि या दोन्ही वेळी जे मागितले गेले ते मागण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता, असे माझे मत आहे. हे युनियनचे काम आहे. पगार, बदल्या, पदभरती, पेन्शन हे प्रश्न युनियननेच लढवावेत. दुसरीकडे नर्सिंग कौन्सिल आहे. आपल्या राज्यात ती १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखाली चालत आली. तिने नोंदणी करावी, अभ्यासक्रम आणि परीक्षांवर लक्ष ठेवावे आणि बोगस परिचारिकेपासून रुग्णाला वाचवावे, अशी अपेक्षा असते. म्हणजे कौन्सिल खरे पाहता आमची नसून रुग्णांची आहे. या दोहोंच्या मधली जागा व्यावसायिक संघटनेची. रुग्णाची सेवा चांगली कशी व्हावी, ती किती हातांनी व्हावी, आमच्या कामाचे नियम कोणी लिहावेत, एखादी चूक घडली तर तिचे मूळ कुठे शोधावे, हे ठरवताना परिचारिकांच्या ज्ञानाचा आवाज म्हणून उभी राहणारी ती संस्था. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत ही जागा जवळजवळ रिकामी आहे.

ही कल्पना नवी नाही आणि परकी तर नाहीच. जगभरच्या परिचारिका संघटनांना एकत्र आणणारी आंतरराष्ट्रीय परिषद १८९९ मध्ये स्थापन झाली. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९०५ मध्ये, लखनौला भारतातील रुग्णालयांच्या नर्सिंग सुपरिंटेंडेंट एकत्र आल्या आणि १९०८ मध्ये ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया उभी राहिली. १९१० मध्ये तिचे नियतकालिक निघाले आणि १९१२ मध्ये ती आंतरराष्ट्रीय परिषदेची सदस्य झाली. सुरुवातीच्या त्या बायका बहुतेक इंग्रज होत्या, हे खरे. पण मुंबईत १८९१ मध्येच बाई काशीबाई गणपत प्रशिक्षणाला दाखल झाल्या होत्या आणि घरच्यांचा, समाजाचा विरोध पत्करून या पेशात आलेल्या आपल्या बायकांची रांग तिथून सुरू होते. नोंदणीचा पहिला कायदा मद्रास प्रांतात १९२६ मध्ये आला, म्हणजे कायद्याच्या आधी संघटना आली होती. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याने तर या संघटनेने निवडून दिलेल्या एका सदस्याला थेट परिषदेत जागा दिली. व्यवसायाने आधी स्वतःला ओळखले आणि मग सरकारने त्याला ओळखले, असा हा क्रम आहे. आमच्या प्रशिक्षणात हा इतिहास दोन गुणांच्या प्रश्नापुरता शिकवला जाई: स्थापना वर्ष लिहा, ब्रीदवाक्य लिहा.

आता तर हा प्रश्न आणखी निकडीचा झाला आहे. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा मंजूर केला आणि १९४७ चा कायदा रद्द करण्याची तरतूद त्यात केली. नव्या रचनेत केंद्रात २९ सदस्यांचा आयोग आणि राज्याराज्यांत राज्य आयोग असणार आहेत. त्यांतील सदस्य आमच्या मतांनी निवडून येणार नाहीत, सरकारने नेमलेले असतील. निवडणुकीत काय चालते हे मी पाहिलेले आहे, त्यामुळे गेलेल्या मतपत्रिकेसाठी मी अश्रू ढाळणार नाही. पण मत गेले की बोलण्याची एक वाट बंद होते, हेही तितकेच खरे. नेमलेल्या आयोगापुढे एकट्या परिचारिकेचा अर्ज फायलीत जाऊन बसेल. अभ्यास करून, आकडे घेऊन, शेकडो सह्यांनिशी गेलेले संघटनेचे निवेदन तसे बसवून ठेवता येत नाही.

व्यावसायिक संघटना नसल्याने नेमके काय बिघडते, हे एका प्रसंगावरून सांगते. रुग्णालयाचे आणि संबंधितांचे नाव मी देणार नाही. रात्रपाळीला चोपन्न रुग्णांच्या वॉर्डात एक सिस्टर आणि एक विद्यार्थिनी होती. दिसायला सारख्या दोन अँप्युल (इंजेक्शनच्या औषधाच्या काचेच्या कुप्या) एकाच ट्रेमध्ये शेजारी ठेवलेल्या होत्या आणि पहाटे साडेतीनच्या सुमारास त्या सिस्टरने एकीऐवजी दुसरी भरली. रुग्णाला अतिदक्षता विभागात हलवावे लागले. सुदैवाने तो वाचला. चूक झाली होती, हे मी तेव्हाही नाकारले नाही आणि आजही नाकारत नाही. चौकशी समितीत तीन डॉक्टर आणि एक प्रशासकीय अधिकारी होते, परिचारिका एकही नव्हती. समितीने औषध कोणी भरले एवढे विचारले. एका सिस्टरकडे चोपन्न रुग्ण का होते, हे विचारले नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिक्षण रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे, हे त्या खोलीत कोणी उच्चारलेही नाही. सिस्टर निलंबित झाली. मग युनियन आली, दारात घोषणा झाल्या, तिला परत घ्या अशी मागणी झाली आणि महिन्याभरात बदलीवर प्रकरण मिटले. युनियनने आपले काम चोख केले, त्या मुलीची नोकरी वाचली. त्या दोन अँप्युल मात्र पुढेही त्याच ट्रेमध्ये शेजारी शेजारी राहिल्या. मी त्या वॉर्डात परिसेविका म्हणून गेले तेव्हा पहिल्या दिवशी त्या वेगळ्या कप्प्यात ठेवल्या आणि त्यावर लाल पट्टी चिकटवली. पण ती एका वॉर्डातली एक पट्टी झाली. व्यावसायिक संघटना असती तर तिने या घटनेतून सगळ्या जिल्ह्यासाठी औषध ठेवण्याची पद्धत लिहून काढली असती आणि चौकशी समितीत परिचर्या जाणणारी एक व्यक्ती असावी, असा आग्रह धरला असता. तो आग्रह सिस्टरला पाठीशी घालण्यासाठी नसता; चूक जिथून निघाली तिथपर्यंत पोहोचण्यासाठी असता.

आमच्याकडे ज्ञान नाही, असे कोणाला वाटत असेल तर त्याने मराठवाड्यातील कोणत्याही मेडिसिन वॉर्डात कीटकनाशक प्यायलेल्या रुग्णाजवळ एक रात्र बसून पाहावे. आपल्या भागाचे हे दुःख नवे नाही आणि त्याच्या सामाजिक कारणांत मी इथे शिरत नाही. पण ऑर्गॅनोफॉस्फरस गटातल्या कीटकनाशकाच्या विषबाधेत डॉक्टर उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन लिहून जातात आणि नंतरची रात्र सिस्टरची असते. तोंडातला फेस आणि छातीतली घरघर कमी होते आहे की नाही, नाडी किती, डोळ्याची बाहुली किती मोठी झाली, अंग कोरडे पडले का, हे ती दर काही मिनिटांनी पाहते. औषध कमी पडले तर रुग्ण स्वतःच्याच स्रावांत गुदमरतो. जास्त झाले तर त्याला ताप चढतो, तो बरळू लागतो, चादर ओढू लागतो, आणि नातेवाईक म्हणतात की याला काहीतरी बाधा झाली. दोन-तीन दिवसांनी सगळ्यांना वाटते की धोका टळला. तेव्हाच एखाद्या रुग्णाच्या मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू लागतात. अनुभवी सिस्टर सकाळी चादर बदलताना त्याला सहज म्हणते, “भाऊ, जरा डोके उचला बरं.” त्याला उशीवरून डोके उचलता आले नाही, तर ती धावत डॉक्टरांना बोलावते, कारण पुढच्या काही तासांत त्याला व्हेंटिलेटर लागू शकतो. हे पुस्तकात आहेच. पण चादर बदलताना हे विचारावे, ही युक्ती मला एका ज्येष्ठ सिस्टरने शिकवली, त्यांना त्यांच्या मेट्रनबाईंनी शिकवली होती आणि मी ज्यांना शिकवली त्या आता कुठे कुठे आहेत, मला ठाऊक नाही. परभणीच्या वॉर्डात जे कळते ते हिंगोलीला पोहोचत नाही. डॉक्टरांच्या संघटना दर महिन्याला एखाद्या हॉटेलात जेवणासकट व्याख्यान ठेवतात (जेवणावर मला काही म्हणायचे नाही), पण निदान रुग्णांविषयी बोलतात, एकमेकांच्या चुकांवर चर्चा करतात. आमचे ज्ञान ड्यूटी संपल्यावर चप्पल घालून घरी जाते.

नोंदणीच्या पाच वर्षांनी होणाऱ्या नूतनीकरणासाठी १५० तासांचे निरंतर शिक्षण लागते, हा नियम चांगला आहे. पण ते तास पूर्ण कसे होतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. कोणत्यातरी महाविद्यालयाच्या सभागृहात दिवसभर बसायचे, पडद्यावरच्या इंग्रजी पाट्या पाहायच्या, चहा घ्यायचा आणि प्रमाणपत्र घेऊन यायचे. हे तास व्यावसायिक संघटनेच्या शाखेने, मराठीत, इथल्या रुग्णांवर ठेवले तर काय होईल? विषबाधा, सर्पदंश, बाळंतपणातला रक्तस्राव आणि ऊसतोडीला निघालेल्या गरोदर बाईची नोंद पुढच्या जिल्ह्यातल्या आरोग्य सेविकेपर्यंत कशी पोहोचवायची, हे विषय घेऊन आठही जिल्ह्यांतल्या अनुभवी परिचारिका बोलल्या, तर १५० तास कमी पडतील.

ऊसतोडीचा विषय निघाला म्हणून एक कडू गोष्ट लिहिते. बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा २०१९ मध्ये राज्यभर झाली आणि चौकशी समितीही नेमली गेली. त्या काळात मी डॉक्टरांविषयी, मुकादमांविषयी, साखर कारखान्यांविषयी खूप वाचले. परिचारिकांविषयी एक ओळ वाचल्याचे मला आठवत नाही. पण अशा प्रत्येक शस्त्रक्रियेच्या टेबलाशेजारी आमच्यातलीच कोणीतरी उभी असते. एखादीला वाटले की हे ऑपरेशन गरजेचे नाही, तर तिने कोणाला सांगावे? ज्या दवाखान्यात ती महिना नऊ-दहा हजारांवर काम करते, त्या दवाखान्याच्या मालकाला? कौन्सिल मुंबईत आहे आणि युनियन सरकारी नोकरांची आहे. आंतरराष्ट्रीय परिषदेने १९५३ मध्ये परिचारिकांची आचारसंहिता स्वीकारली आणि त्यात परिचारिकेची निष्ठा आधी रुग्णाशी आहे, असे आम्ही शिकलो. पण ती निष्ठा पाळणाऱ्या एकटीच्या मागे उभे राहणारे कोणी नसेल, तर तिने आचारसंहिता पाळावी की घरभाडे भरावे, हा प्रश्न मी तरी तिला विचारू शकत नाही.

खासगी दवाखान्यांतल्या या मुलींविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण सरकारी सिस्टर आज निदान पगाराच्या बाबतीत बऱ्या अवस्थेत आहे. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनने २०११ मध्ये खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाविषयी आणि कामाच्या परिस्थितीविषयी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली होती. त्यावर जानेवारी २०१६ मध्ये न्यायालयाने तज्ज्ञ समिती नेमण्याचा आदेश दिला. समितीने शिफारस केली की २०० पेक्षा जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात परिचारिकेला राज्य सरकारच्या परिचारिकेइतका पगार असावा, १०० ते २०० खाटांच्या रुग्णालयात तो त्याहून फार तर १० टक्के कमी असावा, ५० ते १०० खाटांच्या ठिकाणी फार तर २५ टक्के कमी असावा आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी महिना २० हजारांच्या खाली जाऊ नये. लक्षात घ्या, ही लढाई संपाने झाली नाही, अर्जाने आणि पुराव्याने झाली, आणि ती व्यावसायिक संघटनेने लढवली. पुढे केरळमध्ये खासगी रुग्णालयांतल्या परिचारिका संघटित होऊन रस्त्यावर उतरल्या आणि तिथल्या सरकारने २०१८ मध्ये किमान वेतन २० हजार ठरवून अधिसूचना काढली. आमच्या गल्लीतल्या एका जीएनएम (परिचर्येची पदविका) झालेल्या मुलीला ही शिफारस दाखवली, तेव्हा ती हसली. “मावशी, हे आमच्या सरांना दाखवू का?” असे तिने विचारले आणि नंतर स्वतःच म्हणाली, “नको, माझी ओरिजिनल मार्कशीट त्यांच्याकडे आहे.”

इथे माझ्या व्यवसायभगिनींना आणि भावांनाही (आता ब्रदरांची संख्या वाढली आहे आणि ही चांगली गोष्ट आहे) चार शब्द सुनावणे मला भाग आहे. ही जागा रिकामी राहिली ती केवळ सरकारमुळे नव्हे. आमच्यात बीएस्सी झालेली जीएनएमला कमी लेखते, जीएनएम झालेली आरोग्य सेविकेला आपल्यात धरत नाही, नियमित झालेली कंत्राटीला ओळख देत नाही आणि नर्सिंग कॉलेजातल्या पाठ्यनिर्देशिकेला वॉर्डातली सिस्टर जुनाट वाटते. आजीव सदस्यत्वाचे पैसे भरायचे म्हटले की ‘त्यातून आपल्याला काय मिळणार’ हा पहिला प्रश्न असतो. विद्यार्थिदशेत स्टुडंट नर्सेस असोसिएशनची वर्गणी फीमधूनच कापली जाते, म्हणून आम्ही सगळ्या तिच्या सदस्य होतो. पण तिथे आमचा संबंध रांगोळी स्पर्धा आणि गॅदरिंग यापलीकडे गेला नाही. संघटनांकडूनही कसूर आहे. त्यांची पत्रके इंग्रजीत येतात, बैठका मोठ्या शहरांत होतात आणि रात्रपाळी करून घरी स्वयंपाक करणाऱ्या बाईने धाराशिवहून मुंबईला जाऊन ठरावावर बोट वर करावे, अशी अपेक्षा असते. पदाधिकाऱ्यांचा निवृत्तीनंतरही पदाला चिकटून राहण्याचा मोह हा वेगळाच विषय आहे. मी स्वतः निवृत्त असल्याने तो इथेच सोडते.

एक आठवण लिहायची राहिली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी तीस वर्षांची होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. सकाळपासून ट्रकमधून, ट्रॅक्टरमधून, जीपमधून जखमी येत राहिले आणि दुपारपर्यंत सुटीवर असलेल्या, माहेरी गेलेल्या, नोकरी सोडून दिलेल्या सिस्टर कोणी न बोलावता येऊन कामाला लागल्या. कोणाला हाडांच्या वॉर्डाचा अनुभव आहे, कोण शस्त्रक्रियागृहात काम करू शकते, कोणाला भूल देताना मदत करता येते, हे विचारून विचारून वाटून द्यावे लागले, आणि त्यात पहिले काही तास गेले. जिल्ह्यातल्या प्रशिक्षित परिचारिकांची, त्यांच्या कौशल्यांसह, एक यादी कोणाजवळ तरी असायला हवी होती. सत्तावीस वर्षांनी कोविड आला, तेव्हाही अशी यादी नव्हती. जाहिराती देऊन मुलींना तात्पुरते घेतले गेले आणि लाट ओसरल्यावर त्यांना घरी पाठवले गेले. ती यादी ठेवणे हे सरकारचे काम आहे, असे कोणी म्हणेल. तसे असेलही. पण आपली माणसे कोण, ती कुठे आहेत आणि त्यांना काय येते, हे ज्या व्यवसायाला माहीत नाही त्याने दुसऱ्याकडे बोट दाखवू नये, असे मला वाटते.

म्हणून आम्ही काही निवृत्त आणि काही कामावर असलेल्या परिचारिकांनी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी चार वाजता माझ्या घराच्या गच्चीवर जमायला सुरुवात केली आहे. ही अजून कोणाची शाखा नाही. नोंदणीकृत संघटनेची रीतसर शाखा व्हावी, यासाठी किती सदस्य लागतात आणि कागदपत्रे काय लागतात, हे पाहणे चालू आहे. पहिल्या वेळी अकरा जणी आल्या. दोन खासगी दवाखान्यांतल्या होत्या आणि त्यांनी आपली नावे वहीत लिहू नयेत, अशी विनंती केली. आम्ही लिहिली नाहीत. दुसऱ्या वेळी ऑर्गॅनोफॉस्फरसच्या रुग्णावर दीड तास बोलणे झाले आणि जे ठरले ते एका पानावर मराठीत लिहून काढले. तिसऱ्या बैठकीपासून प्रत्येकीने आपल्या वॉर्डातल्या रात्रपाळीचे दोन आकडे आणायचे ठरले: रुग्ण किती आणि सिस्टर किती. रुग्णाचे वा कर्मचाऱ्याचे नाव त्यात नसते.

आपणांस माझी विनंती एवढीच आहे की, पुढच्या १२ मे रोजी आपल्या वार्ताहराने सकाळच्या मेणबत्तीच्या कार्यक्रमाला जरूर जावे, पण आदल्या रात्री अकरा वाजता जिल्ह्यातल्या कोणत्याही दोन वॉर्डांत, एका सरकारी आणि एका खासगी, डोकावून हेच दोन आकडे स्वतः मोजावेत आणि ते छायाचित्राखाली छापावेत. तोपर्यंत आमच्या वहीत वर्षभराचे आकडे जमलेले असतील. ते आम्ही आपल्या कार्यालयात आणून देऊ.

आपली विश्वासू,
एक सेवानिवृत्त परिसेविका, लातूर